पद्मिनी, गोठा आणि पीटीएसडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मार्दोळजवळ आमच्या घरामागे जुना गोठा आहे. गुरं केव्हाच गेली. आता तिथे वडिलांची १९८४ सालची प्रीमिअर पद्मिनी असते. ती चालती करायला मला साडेचार वर्षं लागली, आणि त्यातला बहुतेक काळ मी स्वतःही पीटीएसडीवर उपचार घेत होतो. दोन्हींबद्दल लोक विचारतात. कोणी देवळाच्या पायरीवर गाठतं, कोणी फोन करतं, कोणी बायकोमार्फत चौकशी करतं. तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी बोटीवरचा इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. आजाराबद्दल लिहिलंय ते उपचार घेताना समजलेलं आहे. तुमचे डॉक्टर काही वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका.

पीटीएसडी म्हणजे नक्की काय? तो सैनिकांना होतो ना?

पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे जबर आघातानंतर जडणारा मनाचा आजार. सैनिकांना होतो, म्हणून नाव गाजलं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली हे निदान आपल्या सूचीत घेतलं, ते मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. पण अपघात, आग, पूर, मारहाण, लैंगिक अत्याचार यांतून गेलेल्या कोणालाही तो होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या सुमारे ३.९ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो.

ढोबळ मानाने चार गोष्टी दिसतात. झालेला प्रसंग पुन्हा पुन्हा समोर उभा राहतो, नुसता आठवत नाही तर आत्ता घडतोय असा. त्याची आठवण करून देणारं सगळं माणूस टाळायला लागतो. मन बधिर होतं, नाहीतर सगळा दोष स्वतःवर ओढून घेतं. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असतं, जरा खुट्ट झालं की दचकतं. हे महिनाभराहून जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्यात आडवं यायला लागलं तर निदानाचा विचार होतो. पहिले काही आठवडे झोप न लागणं, घाबरणं याला कोणी आजार म्हणत नाही. बहुतेक माणसं त्यातून आपोआप सावरतात.

तुम्हाला कशामुळे झाला?

२०१७ साली भर समुद्रात आमच्या बोटीच्या इंजिन रूममध्ये आग लागली. इंधनाच्या नळीचा जोड सैल झाला आणि तेलाचा फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर उडाला. इंजिन रूममधल्या पुष्कळशा आगी अशाच लागतात. कार्बन डायऑक्साइड सोडून आग विझवायची तर आत कोणी राहिलेलं नाही याची खात्री लागते, म्हणून आधी डेकवर हजेरी घेतात. हजेरीत एक जण कमी भरला. यापुढचं इथे लिहीत नाही.

घरी आलो तेव्हा बोटीच्या डॉक्टरांनी कागदावर 'फिट' असा शिक्का मारून दिला होता. चुलत बहिणीच्या लग्नात पंगत बसली आणि मी माणसं मोजायला लागलो. एकदा मोजली, दोनदा मोजली, तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा बायकोने हात धरून बाहेर नेलं. फोंड्याच्या कदंब बस स्टँडवर डिझेलच्या वासाने पाय गळायचे. डॉक्टरकडे जायला मला पुढे अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांचं समर्थन करायला माझ्याकडे काहीही नाही.

गाडी दुरुस्त केल्याने पीटीएसडी बरा होतो का?

नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर आखूड ठेवलंय. बरं करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. आघातावर केंद्रित बोलण्याचे उपचार आहेत, त्यात माणूस तज्ज्ञाच्या सोबतीने टप्प्याटप्प्याने आठवणीला आणि टाळलेल्या गोष्टींना सामोरा जातो. डोळ्यांच्या हालचालींची मदत घेणारी ईएमडीआर नावाची पद्धत आहे. औषधांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारख्या गोळ्या आहेत. मला बोलण्याचे उपचारही लागले आणि गोळ्याही.

आणि हो, गाडीची आणि मनाची तुलना कृपया करू नका. 'गंज काढला की आतलं सोनं दिसतं' असं कोणी म्हटलं की मला पाना फेकून मारावासा वाटतो. गंज काढला की आत भोक दिसतं.

मग गाडीचा उपयोग तरी काय झाला?

मध्येच थांबता येतं, हे मला तिथे शिकता आलं. बोटीवर वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, अर्धवट टाकून निघता येत नाही, आणि माझं शरीर आग विझल्यावरही वॉचवरच राहिलं होतं. गोठ्यात नट अर्धा सैल करून, पाना तसाच ठेवून चहाला जाता येतं. परत आलो तरी नट तिथेच, तेवढाच सैल. सांगायला क्षुल्लक वाटतं. मला ते अंगवळणी पडायला वर्ष गेलं.

एक प्रसंग सांगतो. पावसाळ्यातली दुपार, कार्बोरेटर खोलून ताटात मांडला होता. मेन जेट म्हणजे करंगळीच्या नखाएवढा पितळी तुकडा, मधोमध सुईच्या अग्राएवढं भोक. ते तारेने साफ करायचं नसतं, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते. मी ते पेट्रोलमध्ये बुडवून, फुंकर मारून, दाराकडच्या उजेडात धरून बघत होतो. भोकातून गोल उजेड दिसला. घड्याळ बघितलं तर पाऊण तास झाला होता, आणि त्या पाऊण तासात मी एकदाही अलार्मचा कानोसा घेतला नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या भेटीत हे सायकॉलॉजिस्टना सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. पण जेटला धरून बसू नका." त्याचा अर्थ मला नंतर कळला, तो खाली येईलच.

कोणती गाडी घ्यावी?

घरात असेल ती. नसेल तर जिचे पार्ट मिळतात ती. पोर्तुगीज काळातली ओपेल किंवा मर्सिडीज एखाद्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, आवारात दिसली की मन जातं, पण एका काचेसाठी सहा महिने वाट बघणं आजारी माणसाच्या प्रकृतीला झेपत नाही.

पद्मिनी मला योग्य वाटते. इंजिन १०८९ सीसीचं, बॉनेट उघडलं की सगळं दिसतं आणि सगळ्याला हात पोचतो. मूळ इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीने ती बनवली. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, आणि उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर ठेवली, म्हणून कुर्ल्याच्या भंगारबाजारात अजून बरंच काही सापडतं. तिच्या आधीची डुक्कर फियाट दिसायला जास्त गोड आहे हे मान्य, पण पहिल्या खेपेला तिच्या नादी लागू नये.

ज्या वाहनात किंवा ज्या प्रकारच्या वाहनामुळे तुमचा प्रसंग घडला, ते मात्र घेऊ नका. निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. माझं डिझेलचं भय होतं आणि पद्मिनी पेट्रोलची, हे माझं नशीब. डिझेलची अँबेसेडर असती तर मी गोठ्यात पाऊल टाकलं नसतं.

सुरुवात कुठून करावी? इंजिनपासून ना?

सगळे इंजिनपासूनच करतात, आणि म्हणून गोव्यातल्या निम्म्या गोठ्यांत इंजिन खोललेल्या गाड्या सडतायत.

आधी छप्पर. गळणारी कौलं बदला, जमीन कोरडी करा, उजेडाची सोय करा. मग गाडी नुसती रिकामी करा. मला दहा दिवस लागले. सीटखाली उंदराचं घर, कोकमाच्या बिया, डिकीत लॉटरीच्या तिकिटांचा गठ्ठा. वडील लॉटरी घेत हे आईलासुद्धा ठाऊक नव्हतं. प्रत्येक पार्ट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. पीटीएसडीत स्मरणशक्ती आणि लक्ष दगा देतात. 'हा बोल्ट कुठला' हे न आठवणं हा वेंधळेपणा नाही, पण ते रात्री दोन वाजता छातीवर बसतं.

जाम इंजिन जबरदस्तीने फिरवू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल आणि रॉकेल ओता, आठवडाभर विसरून जा. मग चौथा गिअर टाकून गाडी हलकेच पुढे-मागे हलवा. माझं नवव्या दिवशी सुटलं.

गाडीखाली जायचं तर जॅकच्या भरवशावर कधीही नाही. खाली लोखंडी घोडे, चाकांना लाकडाच्या ठोकळ्यांची अडण. डोकं आत आणि पाय दाराकडे, म्हणजे निसटायची वाट मोकळी राहते. माझ्यासारख्याला हे नुसतं सुरक्षिततेसाठी लागत नाही. वाट मोकळी आहे हे पायांना कळत असेल तरच हात चालतात. हाकेच्या अंतरावर कोणीतरी असू द्या.

ग्राइंडर, हातोडा, बॅकफायर यांच्या आवाजाचं काय करता?

माझा अनुभव असा, की आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याचं अचानक येणं जास्त छळतं. स्वतःच्या हातातला ग्राइंडर चालतो, शेजाऱ्याचा चालत नाही.

सुरुवातीला हवेचा कॉम्प्रेसर गोठ्यातच ठेवला होता. त्यातला दाब उतरला की तो आपणहून धडधडत सुरू होतो. एकदा मी इग्निशनच्या पॉइंटमधलं अंतर बघत वाकलो होतो आणि तो पाठीमागे सुरू झाला. पुढचं आठवतं ते असं, की मी काजूच्या झाडाखाली उभा आहे, अनवाणी, हातात ते अंतर मोजायची फीलर गेज पट्टी, आणि मोठ्याने आकडे मोजतोय. मधली दोन मिनिटं गायब. त्याच दिवशी कॉम्प्रेसर भिंतीबाहेर गेला आणि त्याचा स्विच माझ्या उजव्या हाताशी आला. आता तो मी लावला तरच लागतो.

कानांवर मफ घातले की आवाज थांबतो, पण मागून कोण आलं तेही कळत नाही. म्हणून टेबलासमोर न्हाव्याकडे असतो तसा आरसा टांगलाय, त्यात दार दिसतं. दीडशे रुपयांचा आरसा. साडेचार वर्षांतली ही सगळ्यात शहाणपणाची खरेदी.

बॅकफायरला कारण असतं. टायमिंग चुकलेलं, मिश्रणात पेट्रोल कमी, नाहीतर सायलेन्सरचा जोड फुटका. आधी पॉइंट आणि कंडेन्सर नवे घाला, टायमिंग लाइटने लावा, सायलेन्सरचे जोड बंद करा, आणि मगच सेल्फ मारा. पहिल्यांदा सुरू करताना मी लांब उभा राहिलो आणि मदतीला येणाऱ्या गॅरेजच्या मेस्त्रींना सेल्फ मारायला सांगितलं. त्यांनी मोठ्याने तीन मोजले. दोन बार निघाले. दोन्हींना दचकलो, पण झाडापर्यंत गेलो नाही.

काम करता करता मधेच तो प्रसंग डोळ्यांसमोर आला तर?

हातातलं यंत्र बंद. आधी ते. मग जमिनीवर बसा. डोळ्यांना दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, कानावर पडणारे तीन आवाज, दोन वास, एक चव, हे मोठ्याने म्हणा. मी वार आणि गाव म्हणतो : "आज बुधवार. हा मार्दोळचा गोठा. बोट नाही." पावसाळ्यात बायको दाराच्या खिळ्याला जायांचा वळेसर (गजरा) अडकवून ठेवायची, कारण जाईचा वास इंजिन रूममध्ये असूच शकत नाही. बादलीतलं गार पाणी तोंडावर मारणंही कामी येतं.

जवळ असलेल्यांसाठी : मागून धरू नका, हलवू नका. समोर, दिसेल असं उभं राहून नाव घ्या आणि साध्या आवाजात बोला. "काय झालं, काय झालं" विचारत बसू नका. त्यानंतर त्या दिवशी काम नाही आणि गाडी चालवणं तर नाहीच.

एक गोष्ट मात्र तपासा. थिनरच्या वाफेने आणि बंद जागेत चालू ठेवलेल्या इंजिनाच्या धुराने डोकं दुखतं, चक्कर येते, छाती धडधडते. मी दोन महिने त्याला माझा आजार समजत होतो. मागची भिंत फोडून खिडकी काढली आणि निम्मा 'आजार' गेला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. इंजिन सुरू करायचं ते दार सताड उघडं ठेवून, नाहीतर गाडी अंगणात काढून.

गोळ्या चालू असताना काम करावं का?

डॉक्टरांना नेमकं काम सांगून विचारा. 'गाडीचं काम' म्हणू नका, 'ग्राइंडर चालवतो, गाडीखाली जातो' असं सांगा. माझी गोळी सुरू झाली तेव्हा पहिले दोन आठवडे गरगरायचं. तेवढे दिवस फक्त क्रोम पॉलिश आणि सीटची उसवलेली शिवण. असर जाणवायला काही आठवडे लागतात, तोवर 'काही फरक नाही' म्हणून बंद करू नका. नंतर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने तर मुळीच नको. ओळखीच्या औषधवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणू नयेत. त्यांची सवय लागते आणि या आजाराला त्यांचा फायदा नाही.

आणि संध्याकाळी हुर्राक?

मार्च ते मे गॅरेजच्या मागे या काजूच्या दारूची बाटली निघतेच. मी नाही म्हणतो. झोप मोडते, गोळ्यांशी जमत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दचकणं दुप्पट. लिंबू-सोडा घेऊन बसलं तरी गप्पा तेवढ्याच रंगतात.

गोव्याच्या हवेत गाडी टिकते का?

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर खारा वारा. पत्र्याला याहून वाईट जागा शोधावी लागेल. पद्मिनी आधी दारांच्या तळाशी, रनिंग बोर्डखाली, बॅटरीच्या ट्रेभोवती आणि पायाखालच्या पत्र्यात सडते. दारांच्या तळाला पाणी जायला भोकं असतात. ती पानांनी आणि मातीने बुजली की दार आतून कुजतं. वर्षातून दोनदा काडीने मोकळी करा, फुकटचं काम आहे.

गंजावर पुट्टी मारणं हे पाप. सडलेला पत्रा कापा, नवा वेल्ड करा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा, मग प्रायमर. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, तिच्यात वाफ असते.

रंग जून ते सप्टेंबर नाही म्हणजे नाही. दमट हवेत पेंटवर पांढुरकी झाक येते. पावसाळ्यासाठी गिअरबॉक्स, कार्बोरेटर, वायरिंग अशी बसून करायची कामं राखून ठेवा. तसंही बंद दारं, अंधार आणि विजांचा कडकडाट यांमुळे हे महिने माझ्यासारख्यांना जड जातात. हाताला बारीक काम असलेलं बरं.

पार्ट आणि मशीनचं काम कुठे होतं?

पार्टसाठी कुर्ला. बोअर करणं, क्रँक घासणं यासाठी मी बेळगावला उद्यमबागेत गेलो, चोर्ला घाटातून. सोबत भाचा होता, कारण घाटात पुढे डिझेलचा ट्रक लागला की मला गाडी बाजूला घ्यावी लागायची. रबराच्या वस्तू मात्र जुन्या घेऊ नका. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या नळ्या खाऊन टाकतं आणि ठिबकणारं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतं. नळी आणि क्लिप इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. या एका बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही, आणि का ते वर लिहिलं आहे.

ब्रेक स्वतः करावेत का?

चारही चाकांना ड्रम आहेत, समजायला सोपे. पण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडून हवा मारू नका, फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर मी बसवले, पण नंतर मेस्त्रींकडून तपासून घेतले. झोप न झालेल्या माणसाने बसवलेले ब्रेक दुसऱ्याने बघितलेच पाहिजेत.

मेस्त्रींना आजाराबद्दल सांगावं का?

निदान सांगायची गरज नाही, सूचना सांगा. मी एवढंच म्हटलं, "मागून येऊन पाठीवर थाप मारू नका, मला त्रास होतो." ते म्हणाले, "मग मी फाटकातूनच शीळ घालीन." चार वर्षं घालतायत.

कागदपत्रांचं काय? ती नवी विंटेज नंबर प्लेट मिळते का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी-चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' येतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोज बाजारात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

माझी १९८४ ची, त्यात बसत नाही. तिला नेहमीचा नियम : पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५, तपासणी, विमा, पीयूसी. दिल्लीसारखी वयाची बंदी आपल्याकडे नाही. गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या, त्याला फॉर्म ३१ लागतो. उशिराचा दंड महिन्यांच्या हिशोबाने चढतो, म्हणून हे काम इंजिनाच्या आधी. माझ्या गाडीवर अजून घटकराज्य होण्याआधीचा जीडीवाला नंबर आहे. पाहुणे आधी त्याचाच फोटो काढतात.

रांगेची भीती वाटत असेल तर सोबत कोणालातरी न्या आणि सकाळी पहिल्या तासात जा.

खर्च किती आला?

वहीत आकडा तीन लाख ऐंशी हजारांवर गेला तेव्हा लिहिणं सोडलं. कर्ज काढू नका.

नवरा दिवसभर गोठ्यात असतो. हे चांगलं की वाईट?

हा प्रश्न बायका विचारतात, आणि खरं तर याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

दोन्ही असू शकतं. टाळणं हे या आजाराचं लक्षण आहे, आणि छंदाचा मुखवटा त्याला छान बसतो. गिअरबॉक्स खोलला तेव्हा मी सलग तीन वेळा सायकॉलॉजिस्टची भेट चुकवली. कारण दर वेळी खरं होतं : सील आलं, बेअरिंग आलं, मेस्त्री मोकळे आहेत. मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन चुकवलं. मावशीच्या घरच्या चवथीला गेलो नाही. घरात सगळे म्हणत होते, "बरं झालं, कशात तरी रमलाय." चौथ्या भेटीला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "गोठ्यात असताना तुम्ही कुठे नसता?" मला यादी करायला लावली. माणसं असतील अशी प्रत्येक जागा त्या यादीत होती. गर्दी दिसली की मोजावं लागतं. गोठ्यात मोजायला कोणी नव्हतं, म्हणून तिथे बरं वाटत होतं. जेटला धरून बसू नका याचा अर्थ हा.

त्यानंतर घरात तीन गोष्टी ठरल्या. संध्याकाळी साडेसातनंतर गोठ्याला कुलूप, किल्ली बायकोकडे. उपचाराची भेट कुठल्याही पार्टसाठी चुकवायची नाही. आणि आठवड्यातून एक दिवस काम दुसऱ्या माणसासोबतच करायचं, भाचा असो, शेजारी असो, बडबड्या असला तर उत्तम. शेवटची गोष्ट सगळ्यात जड गेली.

तुमचा नवरा गोठ्यातून बाहेर आल्यावर जेवताना दोन वाक्यं बोलतो का, बघा. बोलत असेल तर असू दे गोठ्यात. बाहेर आल्यावरही आतच असेल, चिडत असेल, झोपत नसेल, भेटी चुकवत असेल, तर गाडीशी भांडू नका. त्याच्या डॉक्टरांना फोन करा.

नरकासुराच्या रात्री काय करता?

दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात झोपणं तसंही कोणाला जमत नाही. नाक्यानाक्यावर नरकासुराचे पुतळे, कानठळ्या बसवणारा डीजे, आणि पहाटे जाळताना पोटातले फटाके. आग, धूर, स्फोट, आरडाओरड, सगळं एकाच वेळी. पहिल्या वर्षी मी पद्मिनीच्या मागच्या सीटवर काचा चढवून सकाळपर्यंत बसलो होतो. पेट्रोलची गाडी, बाहेर ठिणग्या. याहून मूर्खपणाची जागा निवडता आली नसती.

आता वाड्यावरची पोरंच आधी सांगतात, "काका, साडेचारला पेटवतो." वेळ कळली की अर्धं काम होतं. चार वाजता उठतो, चहा घेतो, बायको बरोबर असते, दार उघडं ठेवून लांबून बघतो. हे धाडस मी आपल्या मनाने केलेलं नाही. भीतीची एक यादी असते, प्रत्येक गोष्टीला शून्य ते शंभर गुण द्यायचे, आणि खालच्या पायरीपासून तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वर जायचं. नरकासुर ऐंशीवर होता. गेल्या वर्षी पन्नासवर आला. पोहे मात्र सगळ्या प्रकारचे खातो.

गोव्यात मदत कुठे मिळते?

बांबोळीला गोमेकॉजवळ (गोवा मेडिकल कॉलेजजवळ) मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, सगळे तिला आयपीएचबी म्हणतात. तिच्या आधी पणजीत आल्तिनोला मनोरुग्णालय होतं, त्याला आबे फारियाचं नाव होतं. पणजीत मांडवीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी ज्याचा पुतळा आहे तोच, कांदोळीत १७५६ साली जन्मलेला, संमोहनावर काम करणारा. मनाच्या आजाराबद्दल लाजायला गोवेकरांनी तरी लाजू नये. 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नको असं मनात येत असेल तर सकाळची वाट बघू नका. तो क्रमांक लावा, किंवा ११२, आणि घरात कोणाला तरी उठवा.

गाडी अर्धवट राहिली तर?

राहू दे. माझी दोनदा राहिली, एकदा सात महिने. ताडपत्रीखाली तिचं काही बिघडलं नाही.

आता चालवता का? हॉर्न असा का वाजतो?

रविवारी फर्मागुढीपर्यंत जातो, परत येतो. कधी मंगेशीपर्यंत, आईला घेऊन. ती मागे बसते आणि लॉटरीवरून अजून बोलते.

हॉर्नबद्दल सगळे हसतात, कारण तो स्कूटरचा आहे. पद्मिनीचा मूळ हॉर्न मी वायरिंग करताना एकदा वाजवला होता. त्याचा सूर आमच्या इंजिन रूमच्या अलार्मच्या फार जवळचा निघाला. आरटीओच्या तपासणीला हॉर्न लागतोच, म्हणून स्कूटरचा बसवला. मूळचा पुसून, कागदात गुंडाळून, टेबलाच्या वरच्या खणात ठेवलाय. यादीत तो सध्या सत्तरवर आहे.